एक आयएसओ, तीन याद्या: विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारी डिस्क इमेज

मराठी नावांच्या फाइलींनी भरलेलं फोल्डर आयएसओ (अख्खी सीडी एका फाइलीत ठेवणारी डिस्क इमेज) करून तीन जणांना पाठवलं, तर तिघांना तीन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात. लिनक्सवाल्याला सगळी नावं पूर्ण दिसतात, विंडोजवाल्याची मधेच तुटतात, आणि जुन्या डीव्हीडी प्लेयरवर नुसत्या अधोरेषा उरतात. तरीही इमेज खराब नसते. आयएसओमध्ये फाइलींचा मजकूर एकदाच ठेवलेला असतो, पण त्या मजकुराकडे बोट दाखवणाऱ्या नावांच्या याद्या एकाहून जास्त असू शकतात. प्रत्येक प्रणाली त्यातली आपल्याला कळणारी यादी वाचते. त्यामुळे आपल्या मशीनवर इमेज नीट उघडली, याचा अर्थ आपली यादी नीट आहे, एवढाच. समोरच्याची यादी कशी आहे ते स्वतंत्रपणे बघावं लागतं.

सीडी ड्राइव्ह गेले, मग आयएसओ कशाला, असं वाटेल. पण व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) फाइली पोचवण्यासाठी आजही हाच सर्वांत सरळ मार्ग आहे: आत कुठलीही प्रणाली असो, तिला सीडी वाचता येते, नेटवर्क किंवा शेअर्ड फोल्डरची भानगड नाही. शिवाय आयएसओ फक्त वाचायची असते. ग्रंथालयाची स्कॅन केलेली पानं किंवा शाळेचं अभ्याससाहित्य द्यायचं असेल, तर घेणाऱ्याच्या हातून चुकून एखादी फाइल बदलली वा पुसली जात नाही.

आत काय असतं

आयएसओ ९६६० हे मानक १९८८चं. त्याआधी १९८६मध्ये हाय सिएरा नावाचा मसुदा आला होता, त्यावरून ते घडलं. इमेजचे २०४८ बाइटचे तुकडे पडतात, त्यांना सेक्टर म्हणतात. पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मानकाने रिकामे सोडले आहेत. बूट होणाऱ्या लिनक्स इमेज पेन ड्राइव्हवर जशाच्या तशा उतरवल्या तरी चालतात, त्या या मोकळ्या जागेत बूटचा कोड ठेवलेला असतो म्हणून. सोळाव्या सेक्टरपासून खरी इमेज सुरू होते. तो सेक्टर हेक्सडंपमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात) उघडला, तर पहिल्या बाइटनंतर सी, डी, शून्य, शून्य, एक ही पाच रोमन चिन्हं दिसलीच पाहिजेत. ती नसतील तर फाइलीच्या नावाशेवटी काहीही लिहिलेलं असो, ती आयएसओ ९६६० नाही.

त्याच सेक्टरमध्ये १२८व्या बाइटवर सेक्टरचा आकार लिहिलेला असतो: ००, ०८, ०८, ००. उलटसुलट सारखेच दिसणारे हे चार बाइट नीट बघण्यासारखे आहेत. २०४८ हा आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, ०८०० होतो. इंटेलच्या प्रोसेसरला लहान बाइट आधी लागतो, त्या काळच्या मॅकमधल्या मोटोरोलाच्या प्रोसेसरला मोठा बाइट आधी. मानक लिहिणाऱ्यांनी एकाची बाजू न घेता आकडा दोन्ही क्रमांनी लिहून टाकला, ज्याला जो हवा त्याने तो वाचावा. इमेज सगळीकडे चालली पाहिजे हा विचार इतक्या खालपर्यंत गेलेला आहे.

नावांच्या बाबतीत मात्र मूळ मानक फार कंजूष. पहिल्या पातळीवर आठ अक्षरं, टिंब आणि तीन अक्षरं, तीही कॅपिटल रोमन, अंक आणि अधोरेषा एवढीच. दुसऱ्या पातळीवर ३१ अक्षरांपर्यंत जाता येतं. देवनागरीला जागाच नाही. इमेज बनवणारा प्रोग्रॅम प्रत्येक देवनागरी चिन्हाजागी अधोरेषा टाकतो, आणि दोन नावं सारखी झाली की शेवटी अंक चिकटवतो.

म्हणून वरून दोन याद्या जोडल्या गेल्या. रॉक रिज ही युनिक्सवाल्यांची. तिच्यात २५५ बाइटपर्यंत नाव, परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारे दुवे) बसतात. जोलिएट ही मायक्रोसॉफ्टची, विंडोज ९५च्या काळातली. तिच्यात प्रत्येक चिन्हाला दोन बाइट आणि एका नावाला ६४ चिन्हं. लिनक्सला रॉक रिज सापडली की ते तीच वापरतं. विंडोजला रॉक रिज कळतच नाही, तिथे जोलिएट लागते. तेव्हा दोन्ही घालायच्या. जागा फक्त याद्यांपुरती वाढते, फाइली दोनदा ठेवल्या जात नाहीत.

मराठी नाव नेमकं किती लांब

इथे आपल्या भाषेला वेगळं गणित करावं लागतं. ‘कोल्हापूर जिल्ह्यातील दऱ्याखोऱ्यांचे नकाशे’ हे नाव घ्या. डोळ्यांना यात सोळा अक्षरं दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार आणि मोकळी जागा धरून ही ४२ चिन्हं आहेत. यूटीएफ-८ या, चिन्हं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून बाइट होतात १२०. जोलिएटची ६४ची मर्यादा या चिन्हांवर लागते, आणि टिंब व एक्स्टेंशनही त्यातच मोजलं जातं. म्हणजे पीडीएफ फाइल असेल तर ४६ चिन्हं खर्च झाली, १८ उरली. पुढे ‘ - भाग दुसरा, सुधारित’ जोडलं की मर्यादा ओलांडली. तेच नाव रॉक रिजमध्ये आरामात बसतं, त्यामुळे लिनक्सवर बसून इमेज बनवणाऱ्याला शंकाही येत नाही.

मर्यादा १०३ चिन्हांपर्यंत ताणणारा ‘जोलिएट-लाँग’ हा पर्याय असतो. तो जोलिएटच्या लिखित नियमाबाहेरचा आहे. आजच्या विंडोजवर अशी नावं वाचली जातात, पण जुनं उपकरण समोर असेल तर त्यावर विसंबू नका. माझं मत विचाराल तर नावच ४० चिन्हांत बसवावं आणि बाकीचं वर्णन आतल्या अनुक्रमणिकेत द्यावं.

याहून खोल अडचण ‘दऱ्या’ मधल्या ‘ऱ्या’ची. हे अक्षर तीन प्रकारे टाइप झालेलं असू शकतं आणि तिन्ही पडद्यावर अगदी सारखी दिसतात. पहिला प्रकार म्हणजे युनिकोडमधलं स्वतंत्र ‘ऱ’ हे एकच चिन्ह, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात त्या ‘ऱ’ची फोड होते, साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. मॅकची जुनी एचएफएस-प्लस फाइलव्यवस्था प्रत्येक नावाची फोड करूनच साठवते. तिथे ठेवलेल्या फोल्डरची इमेज केली की वरचं ४२ चिन्हांचं नाव ४४ चिन्हांचं होतं, बाइट १२६. नवी एपीएफएस नाव दिलं तसं जपते आणि शोधताना दोन्ही रूपं एकच मानते, म्हणून मॅकवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. लिनक्स आणि विंडोज मात्र चिन्हाला चिन्ह ताडून बघतात. अनुक्रमणिकेच्या पानावरचा दुवा अखंड ‘ऱ’ने लिहिलेला आणि फाइलीच्या नावात फोड केलेला, तर ‘फाइल सापडली नाही’. दोन्ही नावं समोरासमोर ठेवून तासभर बघितली तरी फरक दिसणार नाही, कारण तो डोळ्यांना दिसणारा नाहीच.

उपाय आहे. लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन मिळतं. त्याला आत-आतल्या फोल्डरांसाठी लहान आर, ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ दोन्हीकडे यूटीएफ-८, आणि ‘एनएफसी’ (फोडलेली चिन्हं जोडून लिहिण्याचं रूप) हा पर्याय द्यायचा. पहिल्या फेरीत ते काय बदलेल एवढंच सांगतं. यादी वाचून पटली की ‘नोटेस्ट’ जोडून पुन्हा चालवायचं. पण हे फक्त नुक्त्याची फोड जोडून देतं. जॉइनरवाला प्रकार तसाच राहतो, कारण युनिकोडच्या नियमांत तो वेगळाच मजकूर आहे. तीच गत ‘ॲ’ची. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून अ, जॉइनर आणि अर्धचंद्र अशी जुळणी चालत आली, आणि ती आजही अनेक कीबोर्डांतून निघते. एकाच फोल्डरमध्ये ‘ॲप’ नावाच्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन फाइली नांदू शकतात. म्हणून इमेज करण्याआधी नावांच्या यादीत २००डी या सांकेतिक क्रमांकाचं चिन्ह शोधा आणि एकेक नाव बघून दुरुस्त करा. सरसकट पुसू नका. ‘ऱ्या’ मधला जॉइनर नुसता काढला तर त्याचा ‘र्या’ होतो आणि शब्दच बदलतो.

बनवायची कशी

साधन म्हणून झोरिसो घ्या. लिनक्सच्या भांडारांत ते असतं, मॅकवर होमब्रू या प्रोग्रॅम-भांडारातून येतं आणि विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये) चालतं, म्हणजे तिन्हीकडे एकच कमांड. जेन-आयएसओ-इमेज अजून बऱ्याच ठिकाणी सापडतं, पण त्यावरचं काम बरीच वर्षं थांबलेलं आहे.

कमांडमध्ये क्रमाने काय द्यायचं ते सांगतो. आधी झोरिसो, मग ‘ॲज मेकआयएसओएफएस’ म्हणजे जुन्या साधनाच्या भाषेत बोल ही सूचना. कॅपिटल जे म्हणजे जोलिएट. लहान आर म्हणजे रॉक रिज. कॅपिटल व्हीनंतर लेबल, लहान ओनंतर इमेजचं नाव, आणि सर्वांत शेवटी फोल्डर. रॉक रिजसाठी कॅपिटल आर देऊ नका. कॅपिटल आर तुमच्या मशीनवरचे मालक आणि परवानग्या जशाच्या तशा घालतो. एखादी फाइल फक्त तुम्हालाच वाचता येणारी असेल तर दुसऱ्याच्या लिनक्सवर ती उघडत नाही, आणि इमेज वाचण्यापुरतीच असल्याने त्याला परवानगी बदलताही येत नाही. लहान आर मालक शून्य करतो आणि वाचण्याची परवानगी सगळ्यांना देतो.

लेबल अकरा अक्षरांत बसवा, कॅपिटल रोमन, मोकळ्या जागेऐवजी अधोरेषा. मूळ मानकात ३२ चालतात, जोलिएटमध्ये १६, आणि पुढे कुणी हाच माल फॅट किंवा एक्सफॅटच्या पेन ड्राइव्हवर घेतला तर तिथे ११च. लहान एम देऊन मॅकच्या डीएस-स्टोअर आणि टिंब-अधोरेषेने सुरू होणाऱ्या फाइली वगळा, विंडोजची थंब्ज-डीबीही.

स्क्रिप्टमधून, विशेषतः क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून), इमेज बनवत असाल तर तिथलं लोकेल, म्हणजे भाषेची मांडणी, बहुधा नुसतं ‘सी’ असतं. तेव्हा ‘इनपुट-कॅरसेट’ म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट सांगा. नाहीतर देवनागरी नावांजागी अधोरेषा येतात किंवा एकेका चिन्हामागे तीन-तीन विचित्र रोमन खुणा. हाताने चालवली की बरोबर आणि रात्री आपोआप चालली की बिघडलेली, असं दिसलं तर कारण हेच.

लिनक्सवर चालणारी पण विंडोजला न चालणारी नावं आधीच वेचून काढा. लहान-कॅपिटलचाच फरक असलेल्या दोन फाइली, नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा, विसर्गासारखा दिसणारा रोमन कोलन, प्रश्नचिन्ह, तारा. सी-ओ-एन, ए-यू-एक्स, एन-यू-एल ही तीन अक्षरी नावं विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेली आहेत, पुढे एक्स्टेंशन असलं तरीही. सिमलिंकला जोलिएटमध्ये जागा नाही, विंडोजवर तो नुसता गायब होतो. फोल्डरं आठ पातळ्यांहून खोल नेऊ नका.

चार जीबीची भिंत

मूळ मानकात फाइलीचा आकार ३२ बिटांत लिहितात, म्हणून सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ बाइट. त्याहून मोठी फाइल अनेक तुकड्यांत ठेवण्याची सोय तिसऱ्या पातळीत आहे आणि झोरिसो ती वापरतं, पण वाचणारी प्रत्येक प्रणाली ते तुकडे नीट जोडेल याची खात्री देता येत नाही. मोठे व्हिडिओ किंवा बॅकअप असतील तर यूडीएफकडे वळा. ही वेगळी फाइलव्यवस्था आहे, डीव्हीडीसाठी वापरली गेलेली, आणि तिच्यात देवनागरी नावाला १२७ चिन्हं मिळतात. झोरिसो यूडीएफ लिहीत नाही. मॅकवर एचडीआय-युटिल कमांडच्या ‘मेकहायब्रिड’मध्ये आयएसओ, जोलिएट आणि यूडीएफ हे तिन्ही पर्याय एकत्र द्या. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या एडीके संचात ऑस-सीडी-इमेज येतं. त्यात यू-१ म्हणजे यूडीएफ आणि आयएसओ दोन्ही, यूडीएफची आवृत्ती १०२, आकाराची मर्यादा उठवायला एम, आणि लेबल एल अक्षराला चिकटवून, मधे जागा न सोडता.

यू-२ दिलं तर फक्त यूडीएफ. विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉल इमेज अशाच असतात. त्या लिनक्सवर जबरदस्तीने आयएसओ ९६६० म्हणून माउंट केल्या (ड्राइव्हसारख्या जोडल्या) तर आत एकच रीडमी फाइल दिसते आणि तिच्यात लिहिलेलं असतं की ही डिस्क वाचायला यूडीएफ समजणारी प्रणाली हवी. डाउनलोड अर्धवट झालं असं समजून काही जण चार-पाच जीबी पुन्हा उतरवतात. फाइली आतच असतात, यादी चुकीची उघडलेली असते.

मॅकवरचा सापळा आणखी वेगळा. डिस्क युटिलिटीत ‘डीव्हीडी/सीडी मास्टर’ निवडलं की सीडीआर शेपटीची फाइल मिळते. तिला आयएसओ असं नाव दिलं की विंडोज म्हणतं फाइल खराब आहे. खराब काही नाही, आत मॅकचीच फाइलव्यवस्था आहे, नुसतं नाव बदललं. सोळाव्या सेक्टरची ती पाच चिन्हं तपासली की लगेच कळतं. डीएमजी तर याहून बंदिस्त. तिची ओळख फाइलीच्या शेवटच्या ५१२ बाइटांत असते आणि मॅकबाहेर ती सहज उघडत नाही.

लिहिता येणारी इमेज हवी असेल तर आयएसओ सोडून द्या. ठरावीक आकाराची व्हीएचडी (आभासी हार्ड डिस्कची फाइल) करा, आत एमबीआर पद्धतीचं पार्टिशन आणि एक्सफॅट फाइलव्यवस्था. अशी व्हीएचडी म्हणजे साधी कच्ची डिस्क आणि शेवटी ५१२ बाइटांची पुरवणी, बस. विंडोज ती दोन क्लिकवर जोडतं. लिनक्स लूप उपकरण (फाइलीलाच डिस्क मानणारी सोय) म्हणून घेतं (एक्सफॅट कर्नलमध्ये २०१९पासून आहे), फक्त त्यासाठीच्या लोसेटअप कमांडला कॅपिटल पी द्या म्हणजे पार्टिशन दिसेल. मॅकला एचडीआय-युटिलमध्ये ‘सी-रॉ-डिस्क-इमेज’ वर्ग सांगावा लागतो. क्यूएमू-आयएमजी या साधनाने रूपांतर करताना ‘फिक्स्ड’ बरोबर ‘फोर्स-साइझ’ न विसरता द्या, नाहीतर ते जुन्या सिलिंडर-हेडच्या हिशोबाने आकार थोडा बदलून ठेवतं.

तिन्ही याद्या उघडून बघा

यासाठी तीन संगणक लागत नाहीत, एक लिनक्स पुरतं. इमेज लूपने माउंट करा: काहीच न सांगता केली तर रॉक रिज दिसते. ‘नोरॉक’ दिलं की जोलिएट, म्हणजे विंडोजला काय दिसेल ते. सोबत ‘आयओकॅरसेट’ यूटीएफ-८ द्या, नाहीतर देवनागरीजागी प्रश्नचिन्हं येतील आणि दोष इमेजचा वाटेल. ‘नोरॉक’ आणि ‘नोजोलिएट’ दोन्ही दिलं की मूळ, अधोरेषांची यादी. यूडीएफ घातलं असेल तर प्रकार यूडीएफ सांगून चौथ्यांदा. प्रत्येक वेळी फाइलींची संख्या मोजा आणि सर्वांत लांब नाव शोधून वाचा. जोलिएटमध्ये संख्या कमी आली तर सिमलिंक गळले, नावं आखूड झाली तर ६४ची मर्यादा लागली. नावं तुटली तर झोरिसो इमेज करणं थांबवत नाही. जेन-आयएसओ-इमेज मात्र तुटून सारखी झालेली दोन नावं दिसली की थांबून तक्रार करतं, आणि हा त्याचा गुण मला अजूनही आवडतो.

फाइलींच्या तारखा साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसल्या तर घाबरू नका. आयएसओमध्ये वेळेबरोबर ग्रीनिचपासूनचं अंतर पंधरा मिनिटांच्या पटीत लिहितात, भारतासाठी तो आकडा २२. वाचणाऱ्याने तो दुर्लक्षिला की बरोबर तेवढाच फरक पडतो.

इमेज विंडोज ८ पासून पुढे दोन क्लिकवर माउंट होते. ‘माउंट करताना अडचण आली’ असं म्हणत असेल तर इमेजची फाइल एनटीएफएसच्या कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये आहे का, किंवा डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमने ती स्पार्स करून (रिकाम्या भागांना जागा न देता) ठेवली आहे का ते बघा. साध्या फोल्डरमध्ये नवी प्रत केली की बहुधा काम होतं.

शेवटी पूर्ण इमेजची शा-२५६ बेरीज (मजकूर जराही बदलला तर बदलणारा तपासणी-आकडा) काढून सोबत पाठवा. लिनक्सवर शा-२५६-सम, मॅकवर शा-सम आणि ए २५६, विंडोजवर सर्ट-युटिलचं हॅशफाइल आणि शेवटी शा-२५६. आतल्या फाइलींच्या बेरजांची यादीही इमेजच्या सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा. तिचं नाव साध्या रोमन अक्षरांत असू द्या आणि ती विंडोजवरच्या एडिटरमध्ये उघडून नव्याने साठवू नका. प्रत्येक ओळीच्या टोकाला विंडोजचं कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याचं न दिसणारं चिन्ह) लागलं, तर शा-२५६-समची जुनी आवृत्ती ते चिन्ह नावाचाच भाग समजते, आणि इमेजमधल्या शाबूत फाइली एकेक करून ‘सापडत नाहीत’ असं सांगत सुटते.